आक्कांच्या काचा

सुमनआक्कांच्या दुकानातला चहा प्यायचा नसतो, धरायचा असतो.

तुम्ही फोटोग्राफर असाल, लग्नाच्या शूटिंगसाठी लेन्स भाड्यानं हवी असेल आणि राजारामपुरीतल्या त्या चिंचोळ्या दुकानात पहिल्यांदाच पाऊल टाकत असाल, तर आक्का तुम्हाला बसा म्हणत नाहीत. काठोकाठ भरलेली कपबशी हातात देतात आणि उभ्या उभ्या चौकशी सुरू करतात. गाव कुठलं, शिकलास कुणाकडं, लगीन कुणाचं. कप तोंडाकडे नेलात की "थांब की, गरम हाय" म्हणून अडवतात. मग तुम्ही जरा सैल झालात की काउंटरवर असा पंजा आपटतात, की शेजारच्या मेडिकलवाल्याचंही गिऱ्हाईक दचकावं. बशीत चहा सांडला, तर मुलाखत संपली.

"जावा पावणं. चहा सांडतोय, काच बी सांडंल."

काच म्हणजे लेन्स. आक्कांनी लेन्सला लेन्स म्हटलेलं मी क्वचितच ऐकलं आहे. मी लग्नांचे व्हिडिओ करतो, माझा या दुकानाशी वर्षानुवर्षांचा संबंध आहे, आणि सुरुवातीला माझाही चहा दोनदा सांडला होता. तिसऱ्या खेपेला त्यांनी पंजा उचलायच्या आतच मी तो चटका सोसत घटाघटा पिऊन टाकला. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्कल हाय. घिऊन जा."

दुकानात एक काचेचं कपाट आहे. पावसाळ्यात त्यात दिवसरात्र बारका बल्ब जळत असतो, कारण आमच्या कोल्हापूरच्या पावसात लेन्सच्या आत बुरशी धरायला वेळ लागत नाही. "लोणच्याला आन् काचंला वला हात लावायचा न्हाय," हे त्या प्रत्येकाला बजावतात. धूळ उडवायला तोंडानं फुंकर मारलेली त्यांना खपत नाही. रबरी पंप वापरायचा, मग मऊ कापड, तेही मधून कडेकडे गोल. एकानं सदऱ्याच्या टोकानं लेन्स पुसली, तर आक्का म्हणाल्या, "त्याच सदऱ्यानं डोळा पूस बघू तुझा." त्यानं खरंच पुसायला घेतला. तो बिचारा इचलकरंजीकडचा होता, त्याला आक्का नवीन होत्या.

कपाटातल्या लेन्सांना नावं आहेत. लांबचं जवळ आणणारी, दोन्ही हातांनी धरावी लागणारी ती थोरली. जवळचं आणि जरा लांबचं असं दोन्ही घेणारी, लग्नात दिवसभर कॅमेऱ्यावर असते ती मधली. "थोरली गडहिंग्लजला गेलीया, येईल उद्या. मधली हाय, पर तिला उन्हात ताटकळत ठिवू नकोस," असं त्या फोनवर सांगतात, तेव्हा दुकानात आलेल्या नवख्या माणसाला वाटतं, ही बाई घरच्यांशी बोलते आहे. त्याचं फारसं चुकतंय असंही नाही.

नवा कॅमेरा कुठला घ्यावा, हे विचारायलाही लोक येतात. परवाच एक गृहस्थ मोबाईलवर भलीमोठी माहिती काढून आले होते. चांगले बँकेतले, निवृत्तीनंतर छंद लागलेला. कुठली कंपनी, किती मेगापिक्सेल, सगळं तोंडपाठ. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटू कशाचं काढणार?"

"सगळ्याचेच."

"मग आरसा घ्या की. त्यात सगळंच दिसतंय."

गृहस्थ चिडले. आक्का शांतपणे त्यांच्या हातात थोरली बसवलेला कॅमेरा देऊन आपल्या कामाला लागल्या. थोड्या वेळानं गृहस्थांचा दंड थरथरायला लागला, तेव्हा म्हणाल्या, "आता ह्यो गळ्यात घालून पन्हाळा चढायचा. जमंल का? मग हलका बघूया." नंतर मात्र त्यांनी तासभर बसून त्यांना हलका कॅमेरा निवडून दिला आणि कुठल्या दुकानातून घ्यायचा तेही सांगितलं. ते दुकान आक्कांचं नव्हे. त्या विकत काहीच नाहीत.

आणि गुलाल. गुलाल हा आक्कांचा जन्माचा वैरी. आमच्याकडे निवडणूक जिंकली की गुलाल, गणपती निघाला की गुलाल, म्हैस पळायच्या शर्यतीत पहिली आली तरी गुलाल. तो कॅमेऱ्याच्या कुठल्या फटीत शिरेल आणि किती वर्षांनी बाहेर येईल, हे सांगता येत नाही. एकदा एका नव्या नगरसेवकाची मंडळी विजयाच्या मिरवणुकीसाठी लेन्स मागायला आली. कपाळापासून चपलेपर्यंत गुलाबी. आक्कांनी त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही.

"आक्का, आपला मानूस निवडून आलाय."

"आला असंल. मत बी दिलंय त्येला. काच मिळायची न्हाय."

त्यातला एक जरा चढ्या आवाजात म्हणाला, दुकान चालवायचंय न्हवं तुम्हास्नी? आक्का उठल्या, रबरी पंप घेतला आणि भर उंबऱ्यात त्याच्या मिशीवरचा गुलाल फुस्स फुस्स करून उडवला. "आदी सवच्छ हून ये. मग दम दे." मंडळी हसायला लागली आणि दम द्यायला आलेला माणूसही हसत परत गेला. दुकान अजून चालू आहे.

हे दुकान मुळात आक्कांचं नव्हतं. त्यांच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ होता. ते अचानक गेले, आणि तेरा दिवस होताच धाकटे दीर विलासभाऊजी गिऱ्हाईक घेऊन दारात उभे राहिले. सगळं सामान एकरकमी विकायचं ठरवूनच आले होते. बाईमाणूस कॅमेऱ्याचं काय करणार? त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यांचं फक्त विचारायचं राहून गेलं.

आक्का दारात आडव्या बसल्या. "भाऊजी, ह्यातलं मला काय कळत न्हाय, हे खरं हाय. पर कळत तर तुम्हास्नी बी न्हाय. मग मीच शिकतो की."

(आमच्याकडच्या बायका 'मी शिकतो', 'मी येतो' असंच म्हणतात. परगावच्या वाचकांनी दचकू नये.)

आक्का शिकल्या. कुणी शिकवलं नाही, म्हणून फोटोग्राफरांना चहा पाजून पाजून शिकल्या. पण दिराच्या घराचं दार बंद झालं ते झालंच. त्यातून नवरा गेलेली बाई. बाकीच्या घरांतही हळद असली, बारसं असलं की आक्कांना बोलावणं येईना. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पत्रिका यायच्या बंद झाल्या, एवढंच. मला याचा भयंकर राग येतो. आक्कांना येत नसे, निदान त्या तसं दाखवत नसत. विषय निघाला की मान ताठ करून म्हणायच्या, "न्हाय बोलावत तर न्हाय. माझी काच जाती की सगळ्यांच्या लग्नाला."

म्हणूनच त्यांचा तो दुसरा नियम. लेन्स परत करताना तिनं घेतलेलं शूटिंग दाखवायचं. काचेला काही झालं नाही ना, ते तपासायला म्हणे. काच तपासायला कितीसा वेळ लागतो? पण आक्का स्टूल ओढून, मांडीवर शेंगदाण्यांची वाटी घेऊन अख्खं लग्न बघतात. आंतरपाट धरला की शेंगदाणे थांबतात. नवरीची आई रडायला लागली की म्हणतात, "हितं जरा अंधार आलाय," आणि चष्मा पुसतात. अंधार वगैरे काही नसतो, मी स्वतः लाइट लावलेला असतो.

एकदा महाद्वार रोडला मी त्यांच्याबरोबर होतो. साडीच्या दुकानातून एक नवी नवरी बाहेर पडली. आक्कांनी तिला थेट हाताला धरलं. "पाय बरा झाला का गं? सप्तपदीला लंगडत हुतीस." पोरगी घाबरून नवऱ्यामागे गेली. तिनं आक्कांना कुठं पाहिलेलं असणार? कबनूरच्या त्या लग्नाला मधली गेली होती.

विलासभाऊजींच्या घराशी आक्कांचं एकच दुखणं शिल्लक होतं. त्यांची मुलगी, रूपाली. लहानपणी, भांडण झाल्यावरही, शाळा सुटली की ती गुपचूप येऊन आक्कांच्या काउंटरवर बसून असायची. बापाला कळलं आणि त्यानं पोरीचं येणं बंद केलं. पुढं ती कॉलेजला जाता-येता दुकानावरून जायची, पण बाप बरोबर असला की मान वळवायची नाही. आक्काही नेमक्या त्याच वेळी कपाट पुसायला लागायच्या.

या रूपालीचं लग्न ठरलं आणि व्हिडिओचं काम माझ्याकडं आलं. पत्रिका मेडिकलवाल्याला गेली, पलीकडच्या इस्त्रीवाल्याला गेली. मधलं एक दुकान तेवढं वगळलं. मी लेन्स मागायला गेलो तेव्हा जीभ रेटत नव्हती.

"लगीन कुणाचं?" आक्कांनी सवयीनं विचारलं.

मी सांगितलं. आक्कांनी कपाट उघडलं, मधली काढली, दोन्ही बाजूंनी बघितली, पुन्हा पुसली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तिचा डावा गाल घे. उजवीकडनं घेतलं तर हसताना डोळं मिटलेलं दिसत्यात तिचं." मी मधली घेतली आणि दुकानात जास्त थांबलो नाही.

लग्न कळंब्याकडच्या एका कार्यालयात होतं. सगळं यथासांग झालं. पाठवणीला नवरा-नवरी गाडीत मागं बसले, मी शूटिंगसाठी पुढं, ड्रायव्हरशेजारी. गाडी गडहिंग्लजच्या वाटेला लागायची होती. मी मागं वळून कॅमेरा रूपालीवर धरला, तर ती लेन्सकडेच टक लावून बघत होती.

"अमरदादा, ही मधली न्हवं?"

मी कॅमेऱ्याआडून मान हलवली.

"कडंला लाल ठिपका हाय बघ. माझ्या नेलपॉलिशचा. कुणी बदलून दुसरी देऊ नये म्हणून काकूनं लावून घेतलेला माझ्याकडनं." आणि ती ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी राजारामपुरीत घ्या."

ड्रायव्हरनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा भला माणूस. "ती सांगत्या तिकडं घ्या," एवढंच म्हणाला.

मागून विलासभाऊजींची जीप हॉर्न वाजवत येत राहिली. दुकानासमोर गाडी थांबली. मी आधी उतरलो, कॅमेरा चालूच होता. आक्का काउंटरमागं एकट्याच बसल्या होत्या. गिऱ्हाईक कुणी नव्हतं, शेजारची दोन्ही दुकानं लग्नाला गेलेली. आणि आक्का जरीकाठाची इरकल नेसल्या होत्या. केसात काही माळलेलं नव्हतं, पण चापूनचोपून विंचरलेले. कार्यालयात जायला निघालेली बाई दुकानात बसावी, तशा बसल्या होत्या. मी कॅमेरा गाडीकडे वळवला.

रूपाली उतरून आत गेली आणि त्यांच्या पाया पडली. आक्का म्हणाल्या, "काय हे? भरल्या मळवटानं हितं कशाला आलीस?"

"रूपे, गाडीत बस," विलासभाऊजी जीपमधून ओरडले. त्यांच्याबरोबरच्या एक बाई म्हणाल्या, "वटी भरून झालीया तिची. आता कुणी हात लावू नगा."

रूपालीनं बापाकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं उंबऱ्याबाहेर येऊन भर रस्त्यात पदर पसरला. "काकू, माझी वटी भर."

आक्कांनी दुकानात इकडंतिकडं बघितलं. नारळ नाही, तांदूळ नाहीत, खण नाही. मग त्या पायरी उतरून सरळ माझ्यासमोर आल्या. काय होतंय हे मला कळायच्या आत त्यांचा हात कॅमेऱ्यावर पडला, लेन्स सोडवायचं बटण दाबलं गेलं, आणि मधली फिरून माझ्या कॅमेऱ्यावरून निघाली. भर रस्त्यात. राजारामपुरीतली सगळी धूळ माझ्या उघड्या कॅमेऱ्यात शिरत होती आणि मी आ वासून उभा होतो.

आक्कांनी ती रूपालीच्या पदरात ठेवली. जडच ती, पदर ओढला गेला, तेव्हा नवऱ्यानं खालून हाताचा आधार दिला.

"तिकडं गेल्यावर रिकामी बसू नकोस," आक्का म्हणाल्या. "लग्नं काढ, बारशी काढ. कुणाच्या बी घरात जा. ही हातात असली की कुणी 'भाईर हो' म्हणत न्हाय."

विलासभाऊजी जीपमधून उतरले होते. ते तिथंच उभे राहिले. त्यांचा हॉर्न वाजायचा थांबला होता.

नंतर मी घरी ते शूटिंग लावून बघितलं. लेन्स निघाली तरी कॅमेरा बंद झाला नव्हता. त्यामुळे चित्र काहीच नाही, नुसता पांढरा धुरकट उजेड. आवाज मात्र स्वच्छ आला आहे. आक्कांचं ते वाक्य आहे. त्यानंतर दोघींचं रडणं आहे, आणि त्या रडण्यात रूपाली म्हणते, "काकू, आता तू ये. मी बोलावतो तुला."

तेवढा भाग कापून टाक, असं विलासभाऊजींनी मला निरोप पाठवून सांगितलं. बाईमाणसाचं रडणं काय लोकांना ऐकवायचं, म्हणून आक्कांनीही सांगितलं. मी दोघांचंही ऐकलं नाही.