सात किलोंचा स्क्रू

घरातला वजनकाटा आपणच बिघडवलाय, हे काटेदुरुस्तीवाल्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षं तो लोकांचे खोटे काटे खरे करत आला. खरा काटा खोटा करण्याची ही पहिलीच वेळ.

जन्मतःच त्याच्या हृदयाला भोक होतं. "वजन वाढलं की ऑपरेशन करू," असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आईने भरवायला जी सुरुवात केली, ती भोक बुजून चाळीस वर्षं झाली तरी थांबवली नाही. आता नवी डॉक्टरीणबाई म्हणाली, "जुन्या दुरुस्तीवर इतकं ओझं नको. सहा महिन्यांत आठ किलो उतरवा. रोज वजन लिहा."

बायकोने काटा आणला आणि रोज सकाळी कॅलेंडरपाशी पेन घेऊन उभी राहू लागली. पहिल्या आठवड्यात उतरला तो फक्त तिचा चेहरा. त्याला ते बघवेना. ती आंघोळीला गेल्यावर त्याने काटा उलटा केला. शून्य जुळवायचं बाहेरचं चाक फिरवलं असतं तर रिकामा काटा शून्याच्या खाली दिसला असता. पण हा पडला कारागीर. त्याने आतल्या स्प्रिंगचा स्क्रू आवळला; रिकामा काटा शून्यावरच, पण चढणाऱ्याचं वजन कमी.

"उतरलं की हो," दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली. त्या आनंदाची त्याला चटक लागली. दर पंधरा दिवसांनी स्क्रू थोडा आवळला जाऊ लागला.

पण काटा काही एकट्याचा नव्हता. बायकोचंही उतरलं, त्याच्यासोबत धरलेल्या पथ्याला गुण आला म्हणून ती खूश. आई मात्र हबकली. "लहानपणी असंच उतरत होतं रे तुझं," म्हणत ती त्याच्या डब्याच्या तळाशी जादा दडवू लागली. आईचं मन कसं मोडायचं, म्हणून तो खात गेला.

सहा महिन्यांनी तिघं दवाखान्यात गेली. तिथल्या काट्यावर त्याचं वजन सहा महिन्यांपूर्वीपेक्षा तीन किलो जास्त भरलं.

"घरी तर सात कमी दिसतंय," बायको म्हणाली.

"इथला काटा खोटा आहे," तो छातीठोकपणे म्हणाला.

नर्सने काटा कलता केला. मागच्या चिठ्ठीवर त्याच्याच दुकानाचा शिक्का, गेल्या महिन्याची तारीख आणि त्याचीच सही होती. मग त्याला सगळं कबूल करावं लागलं.

"आणि माझे सहा किलो?" बायकोने विचारलं.

आई गुपचूप काट्यावर चढली, आकडा पाहिला आणि बाकावर येऊन बसली. "म्हणजे माझं पाच किलोने उतरलं नाहीये? मला वाटलं, मला काहीतरी मोठं झालंय. तुम्हाला घोर नको म्हणून बोलले नाही. माझ्या साड्या कुणाला द्यायच्या, तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मरणाची तयारी करत होती आणि आपण तिचा डबा चाटून पुसून खात होतो.

डॉक्टरीणबाई रागावली नाही, तेच वाईट. "हृदयावर ताण वाढलाय," ती म्हणाली. "गोळी वाढवते. पण गेलेले सहा महिने मला परत आणता येणार नाहीत."

घरी येऊन त्याने स्क्रू सैल केला. सकाळी बायकोने कॅलेंडरवर खरा आकडा लिहिला. आईने भरलेला डबा उघडला, तळातलं काढून पातेल्यात परत टाकलं आणि झाकण लावून त्याच्या हातात दिला.

"तुला जगवायला भरवत आले," ती म्हणाली. "जगवायला कमी वाढायचं, हे अजून हाताला जमत नाही रे. तू तेवढा काटा खरा ठेव."