शर्करासाखळीच्या टोप्यांची हकीकत

श्री. आधी नमन चुलीस, की तिजवाचून रसायन नाही, मग वाचणारांस. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, एका राज्यात सरहद्दीच्या ठाण्यावर पटकीची साथ उठली आणि शंभर शिपाई अंथरुणास खिळले, त्यांत दरबारच्या रसायनी गोजाबाई यांचा पाठचा भाऊ शिदोजी होता. बाई मोठ्या जाणत्या. पटकीचे जहर आतड्यांवरील साखरेस मिठी मारते आणि तेणेकरून मनुष्य जुलाबांनी वाहून जाते, ऐसा त्यांनी शोध लाविला होता. तेव्हा जहरास दुसरीच साखर दाखवून भुलवावे, ऐसे योजिले. मग एक लांब साखळी घडविली, जीस शास्त्री बहुवारिक म्हणतात, आणि तिजला जागोजाग दुधातील साखर टांगली. परंतु साखर ही लाघवी जात. कढईत उघडी सोडली तर दिसेल त्याशी सोयरीक जोडते. म्हणोन साखळी विणून होईतो साखरेस रसायनाच्या टोप्या घालाव्या आणि मग सौम्य खारात बुडवून त्या उतराव्या लागतात. टोपी राहिली तर जहर साखरेस ओळखत नाही. सारी मेख इतकीच.

साखळी विणून जाहली आणि कृतीचा कागद पाहणीस सदरेवर गेला. तेथे शिरस्तेदार नारो भिकाजी, ज्यांस शिरस्ता आईबापांहून थोर, यांनी तो वाचला आणि ताडकन उठले. "टोप्या उतराव्या? बाई, महाराजांच्या सदरेवरून बोडके काही जात नाही! बोडके डोके म्हणजे सुतक. टोप्या असो द्या."

"पंत, टोपीसकट ते औषध नव्हे, नुसता चिकट काला आहे. माझा शिदा तिथं पडलाय हो!"

"म्हणोनच उशीर नको."

बाईंनी पदर खोचून भांडून पाहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी. पंतांनी औषधाचे बुधले मोहरबंद करून ठाण्यास रवाना केले, आणि सरकारी मोहर फोडणे म्हणजे राजद्रोह. आठवे दिवशी सांडणीस्वार वर्दी घेऊन आला, की औषध दिले, गुण नाही, अकरा माणसे गेली. सातवे नाव शिदोजीचे होते. बाई रडल्या, ते कोणापासून लपविले नाही. मग डोळे पुसले, दुसरा घाणा काढला, स्वहस्ते टोप्या उतरविल्या आणि बुधला काखेस मारून थेट दरबारात गेल्या.

नारोपंत आडवे आले. बाई त्यांस वळसा घालून महाराजांपुढे उभ्या राहिल्या.

"महाराज, हे बोडके आहे. पंत म्हणतात, सुतकाचे. माझ्या घरी सुतकच आहे. उरल्या एकोणनव्वदांच्या घरी नको."

महाराज पंतांकडे वळले. मग पुसिले, "पंत, गेली ती अकरा माणसे कोणाची?"

"सरकारची, महाराज."

"मग सुतक आम्हांसही आहे." ऐसे म्हणोन महाराजांनी डोईची पगडी उतरून मांडीवर ठेविली, ते पाहोन कारभाऱ्यांनी उतरली आणि मानकऱ्यांनी आणि चोपदारांनी, आणि सर्वांमागून नारोपंतांनी, आणि त्या बोडक्या दरबारातून औषध ठाण्यास गेले.

हकीकत इतुकीच. ठाण्यावर शहाऐंशी माणसे उठली, तिघे गेले. पुढे ज्या दिवशी घाणा निघे त्या दिवशी दरबार बोडक्याने बसे. नवे लोक त्यास औषधाचा मान म्हणत. गोजाबाई शिदोजीचे सुतक म्हणत.