पिकअपने दिलेला सूर

या मंडळी, पुढे सरका. अजून थोडं. एक गोष्ट सांगतो, पण मागच्या रांगेपर्यंत आवाज चढवणार नाही, कारण फजिती माझीच आहे!

आधी एक ऐकून ठेवा. माझ्या पिकअपची मला जेवढी पारख आहे, तेवढी ती बनवणाऱ्यालाही नसेल. नऊ वर्षं तिच्यातून लोकांची कपाटं, पलंग, आरसे पोचवतोय. आणि मला कान आहे! कीर्तनं ऐकून ऐकून तयार झालेला. बुवांची पेटी केसभर उतरली, तरी चुळबूळ पहिली माझी सुरू होते.

त्याच कानाने घात केला.

दोन महिन्यांपूर्वी गाडी वळवताना बॉनेटखालून एक सूर यायला लागला. बारीक, अखंड, "ऊंऽऽऽ" असा. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी हात जोडले! म्हटलं, देवा, दिवसभर गाडीत असतो, गायला वेळ मिळत नाही, म्हणून तूच तंबोरा बसवून दिलास! मी त्या सुरात भजनं म्हणायला लागलो. आधी पेटीवरची काळी दोन पट्टी होती. पंधरा दिवसांनी काळी तीन. पुढे पुढे तर काळी पाच, आणि मीही मागोमाग तिथे पोचलो!

"गळा फुलतोय माझा," मी बायकोला म्हणालो.

"मानेच्या शिरा फुगतायत," ती म्हणाली.

मधे गॅरेजवाल्या मिस्त्रींनी विचारलंही होतं, "काका, स्टिअरिंगचा काही आवाज?" मी ठणकावून सांगितलं, "नाही." सुराला आवाज कोण म्हणतं? त्यांनी स्टिअरिंगच्या तेलाची एक बाटली हातात ठेवली. "कमी झालं की टाका."

आता मुद्द्यावर येतो. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनला त्या दोन वर्षं नाही म्हणत होत्या. शेवटी कशाबशा तयार झाल्या. साडेनऊला दवाखान्यात पोचायचं होतं. बायको पुढे जाऊन कागदपत्रं करत होती. जाताना तिने बजावलं, "अहो, आज चुकलं तर आई परत कधीच हो म्हणणार नाही. तिचे डोळे तुमच्या हातात आहेत!"

निघालो. सासूबाई शेजारी, मांडीवर पिशवी.

"जावईबापू, पुढच्या वर्षी केलं तर?"

"आई, काही होत नाही. मी गातो, तुम्ही डोळे मिटून ऐका."

सूर तर असा लागला होता की काय सांगू! मीही तान घेतली, चौकात डावीकडे वळायला गेलो आणि स्टिअरिंग हलेना! जणू कोणी चाकांना जमिनीत पुरलं होतं. दोन्ही हातांनी, दातओठ खाऊन ओढलं, तेव्हा कुठे गाडी कडेला लागली.

"का थांबलात?" सासूबाईंनी विचारलं.

"जरा... विसावा."

मिस्त्रींना फोन केला. "दहा मिनिटांत आलो," म्हणाले. बायकोचा फोन आला. "दुसरी गाडी करा!" पण सासूबाई ठाम. "परक्या माणसाच्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. हा देवाचाच इशारा आहे. मागे फिरवा!"

"आई, मागे तरी कशी फिरवू? वळतच नाही!"

नऊ वाजून गेले. पाठीवरून घामाचे ओघळ. म्हटलं, आपण काय कमी आहोत? बाटली काढली, बॉनेट उघडलं. तिथे तीन-चार झाकणं. एकावर कारंज्याचं चित्र! तेल आतून उसळतं, ते हेच असणार. अख्खी बाटली रिकामी केली.

परत आत बसून जोर लावला. स्टिअरिंग ढिम्म! पण कोपर लागलं वायपरच्या दांडीला, आणि समोरच्या काचेवर तांबडं तेल उसळलं! वायपरने ते इमानदारीने कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत सारवलं.

सासूबाईंनी किंकाळी फोडली.

"गेलं! जावईबापू, होतं नव्हतं तेवढंही गेलं! सगळं तांबडं धुकं!"

"अहो आई, ते..."

"बोलत काय बसलात! दवाखान्यात चला! आत्ताच्या आत्ता!"

मंडळी, मी खोटं बोललो नाही. फक्त गप्प बसलो. ते पाप समजायचं की कसं, हे बुवांना विचारायचं अजून धाडस झालेलं नाही.

सासूबाईंनी डोळ्यांवर पदर दाबला तो दाबलाच. तेवढ्यात मिस्त्री आले. एक नजर काचेवर, एक माझ्यावर.

"काका, काच धुवायच्या पाण्यात तेल?"

"हळू बोला हो!"

त्यांनी खालून पाहिलं. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा पाइप क्लिपपाशी चिरला होता. तेल थेंबथेंब गळून टाकी कोरडी.

"आधी ओरडला असणार पंप. खूप दिवस. आवाज चढत जातो."

"नाही हो, आवाज असा..."

"ओरडत होता की!" पदराआडून सासूबाई. "हे त्याच्यावर गायचे!"

मिस्त्री हसत हसत फुटपाथवर बसले. मग पाइपचं चिरलेलं टोक कापलं, उरलेला पाइप क्लिपने आवळला, स्वतःजवळचं तेल भरलं. "स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. हवा निघू दे." मी फिरवलं. लोण्यासारखं! तोवर त्यांनी काच साबणाने पुसली. साडेनऊला चार मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो, आणि सासूबाई माझ्याआधी खाली उतरल्या!

ऑपरेशन छान झालं. आता त्या सुईत दोरा ओवतात, आणि येईल त्याला सांगतात, "ऐन वेळी दृष्टी गेली होती हो माझी, जावयाने वेळेवर पोचवलं!" मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना वाटतं, विनय.

गाडी आता मुकी झालीय. परवा तिच्यात काळी पाच लावून पाहिली. काळी एकच्याही खाली घसरलो आणि खोकत राहिलो.

तेव्हा मंडळी, एवढं करा. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या मिस्त्रींची आठवण ठेवा. माझ्यासाठी नको. मी गायला बसलो की शेजारी आपणहून देवाचा धावा करतात!