सहभागी क्रमांक तीन घोरत नाहीत

शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्या सकाळी सरांनी तो हौसेने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि तिथेच माशी शिंकली.

निबंधाचा विषय घोरणं. निष्कर्ष एका ओळीचा : घोरणाऱ्या माणसाला आपण घोरतो हे काही केल्या पटत नाही. आवाज टिपायला उशाशी मोबाईल ठेवून झोपायला परकी माणसं कशाला तयार होतील? म्हणून सरांनी हाताशी होती ती माणसं घेतली. म्हणजे सासरची.

कॉलेजात सर अजून कंत्राटी होते. "निबंध टिकला तर तुम्ही कायम," असं विभागप्रमुख म्हणाले होते. टिकायचा कसा, तर ज्या नियतकालिकात तो आला ते निबंध आधी प्रसिद्ध करायचं आणि मग चारचौघांत तपासायचं. संकेतस्थळावर निबंधाखाली कुणीही शेरा मारावा आणि लेखकाने तिथेच, सगळ्यांदेखत उत्तर द्यावं. बिचाऱ्या सरांना वाटलं, कुणीही म्हणजे कुणीही विद्वान.

पहिला शेरा खरंच एका विदुषीचा होता : "माणसं फार थोडी तपासलीत. पुरावा अपुरा."

सर तिला उत्तर लिहीत होते तोच दुसरा आला. "सहभागी क्रमांक तीन मी आहे. मी घोरत नाही. जावईबापूंनी छापण्याआधी विचारायला हवं होतं."

सरांनी घाईघाईने सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, तुमचं नाव कुठेच नव्हतं हो."

"निवृत्त, उंच, मिशा आहेत, डाव्या कुशीवर झोपतात. आता काय फोटो छापायचा राहिला होता?"

उत्तर उघडच द्यावं लागणार होतं. सरांनी लिहिलं, "सन्माननीय सहभागींच्या आक्षेपाची नोंद घेतली आहे. ध्वनिमुद्रण मात्र उपलब्ध आहे." त्या 'मात्र'ने आगीत तेल ओतलं.

"ध्वनिमुद्रण खरं आहे. लग्नापासून ऐकतेय," असं सासूबाईंनी लिहिलं. त्यावर सासरे : "क्रमांक चार स्वतः घोरतात." त्यावर सासूबाई : "मी फक्त मोठ्याने श्वास घेते." मग मेहुणाही उतरला : "क्रमांक पाच मी. तो आवाज पंख्याचा होता."

"बाबा म्हणतायत, आता तुमच्या घरचं पाणीही पिणार नाही," बायको म्हणाली. "काढून टाका ना ते सगळं."

"मला काढता येत नाही. उघड परीक्षण आहे."

"मग माफीही उघडच मागा."

तेवढ्यात विभागप्रमुखांचा फोन आला. "हे संशोधन आहे की तुमच्या घरचं भांडण?" सरांच्या तोंडचं पाणी पळालं. सासर तर गेलंच होतं, आता नोकरीही चालली.

दुपारी त्या विदुषीने पुन्हा लिहिलं, "माझा आक्षेप मागे घेते. प्रत्येक सहभागी आपलं घोरणं नाकारतोय आणि शेजारी झोपणारा तेच शपथेवर सांगतोय. एवढा भक्कम पुरावा मी कुठल्याच निबंधाखाली पाहिलेला नाही. एकच शंका : संशोधकाने स्वतःला का तपासलं नाही?"

विभागप्रमुखांचा सूरच बदलला. "अभिनंदन. तेवढ्या शंकेचं उत्तर द्या, मी तुमची ऑर्डर काढतो."

सर इतके हरखले की विचार करायचंही भान राहिलं नाही. त्यांनी लिहून टाकलं, "त्याची गरज नव्हती. संशोधक घोरत नाही." मग आनंदाची बातमी सांगायला बाहेरच्या खोलीत आले.

बायको मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती.

"अहो," मान वर न करता ती म्हणाली, "इथे ध्वनिमुद्रण जोडायचं असेल तर कुठे दाबायचं?"