शेवंतीचे बारा खड्डे

एका जंगलात, मुलांनो, एक वस्ती इतकी दाट होती, की तिथे ऊनसुद्धा पाळीपाळीने यायचं. बिळाला बीळ लागून. एका घरात कुणी शिंकलं, की चौथ्या घरातले दचकायचे.

तिथे शेवंती नावाची साळिंदराची पोर राहायची. वय, तुमच्या मोजणीने, पंधरा. घरी तिला दिवसभर एकच वाक्य ऐकू यायचं, "अगं सरक, काटे टोचतात."

नाक्यावर एक तरस बसायचा. सगळे त्याला भाई म्हणत. तो एकदा शेवंतीला म्हणाला, "काय गं तुझी नखं! वाघीण आहेस तू, वाघीण!"

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"उद्या तिन्हीसांजेला ये," भाई म्हणाला. "सशांच्या कोठाराखाली भुयार खणायचंय. मी बाहेर उभा राहीन."

बाहेर उभा राहणारा पळतो आणि आतला सापडतो, हे शेवंतीला ठाऊक होतं. तरी ती हो म्हणाली.

आता योगायोग पाहा. दुसऱ्याच दिवशी वस्तीत शिबिर होतं. जंगलातल्या थोर प्राण्यांना वस्तीतल्या तरुणांची फार काळजी वाटे. काळजी अनावर झाली, की ते शिबिर घेत. या खेपेचा विषय होता 'आत्मसन्मान आणि योग्य निवड'. अध्यक्ष अर्थातच मोर.

कार्यक्रम तरुणांसाठी होता, म्हणून सतरंज्या तरुणांनीच घातल्या. मग पाहुणे आले. पाहुण्यांबरोबर त्यांचे पाहुणे आले. मंडप भरला आणि तरुण बाहेर उभे राहिले.

बगळ्याने माइक हातात घेतला. सिंह यायला दोन तास लागले. मग मोराने सिंहाचा सत्कार केला. सिंहाने मोराचा केला. राहून गेलेल्या एका गेंड्याला वाईट वाटलं, म्हणून त्याचा दोनदा केला.

पाहुणे वाढतच होते. मंडप वाढवायचा, तर खांब हवेत. खांब रोवायचे, तर खड्डे हवेत. मंडपवाली हौसाकाकू रानडुकरीण होती, पण तिचं नाक आता दुखायचं.

"ए पोरी, खणतेस का?"

शेवंतीने एक खड्डा खणला. मग दुसरा. शालींचा ढीग वाढत गेला, तसे तिचे खड्डेही वाढले. दुपार कलली, तेव्हा बारा झाले होते.

हौसाकाकूने प्रत्येक खड्ड्यात डोकावून पाहिलं. वाघीणबिघीण काही म्हणाली नाही.

"सातवा वाकडा आहे," ती म्हणाली. "बाकी सरळ. माझा थोरला असे खणायचा."

मग तिने नाकावरची माती झटकली.

"उद्या सकाळी ओढ्यावर ये. पुलाचे खांब आहेत. उशीर नको."

तिन्हीसांजेला भाई मंडपाशी आला. "चल वाघिणी."

"नाही जमणार, भाई. सकाळी काम आहे."

"घाबरलीस?"

"घाबरले होते काल. पुन्हा कुणी वाघीण म्हणणार नाही असं वाटलं. म्हणून तर हो म्हटलं." एवढं बोलून ती सातवा खड्डा सरळ करायला गेली.

भाई मटकन खाली बसला. "मला नाही म्हणाली," तो पुटपुटला. "मला!"

तिकडे मंडपात आभारप्रदर्शन संपलं होतं आणि मोराला एकदम आठवलं, की तरुणांना प्रमाणपत्रं द्यायची आहेत. पण तरुण कंटाळून घरी गेले होते.

"इथे कुणी खचलेलं आहे का?" मोराने माइकवरून विचारलं.

भाईने हळूच पंजा वर केला.

सिंहाच्या हस्ते त्याला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर लिहिलं होतं, 'मी अमूल्य आहे.' तरस हुंदके देऊन रडला. सिंहाचेही डोळे पाणावले. मोराने अहवालात लिहिलं, 'एका भरकटलेल्या तरुणाचं आयुष्य बदललं.' तरसाचं वय त्याने विचारलं नाही.

शेवंती पहाटेच ओढ्यावर पोचली. हौसाकाकू तिच्याही आधी येऊन बसली होती.

"उशीर केलास," काकू म्हणाली, आणि पहिल्या खड्ड्याची जागा दाखवली.

तात्पर्य: तरुणांचं भलं व्हावं असं वाटत असेल, तर थोरांनी एकमेकांच्या सत्कारात मनापासून गुंतून राहावं. तेवढा वेळ तरी तरुणांना कुणी सुधारत नाही.