कौतुकाचा फोन

मुलुंडच्या त्या शाळेत देवधर सर मुख्याध्यापक म्हणून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सामंतबाईंच्या लाल पेनाची रोजी-रोटी बंद केली. नवी सूचना निघाली: मुलांच्या शाळेच्या डायरीत शेरे लिहायचे नाहीत, वर्गाबाहेर उभं करायचं नाही. उलट मुलाला चांगलं वागताना पकडायचं आणि त्याच दिवशी घरी फोन करून कौतुक कळवायचं. प्रत्येक शिक्षकाने आठवड्याला दहा फोन.

नलिनी सामंतबाईंनी सत्तावीस वर्षं मुलांना फक्त वाईट वागताना पकडलं होतं. त्यात त्यांचा हातखंडा होता. पण पर्यवेक्षिकेची जागा रिकामी होती, बाई नऊ वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होत्या आणि ती कोणाला द्यायची हे सर या फोनांवरून ठरवणार होते. त्यामुळे बाई सातवी 'ब'मध्ये डोळ्यांत तेल घालून चांगुलपणा शोधू लागल्या. सोमवारी दुपारपर्यंत एकच सापडला. अनयने खाली पडलेला खडू न सांगता उचलून दिला होता.

बाईंनी अनयच्या वडिलांना, हर्षदना, वांद्र्याच्या ऑफिसात फोन लावला.

"नमस्कार, मी अनयच्या शाळेतून सामंतबाई बोलतेय."

"बाई, एक मिनिट हां, मीटिंगमधून बाहेर येतो." दार लागल्याचा आवाज आला. "सॉरी बाई, खरंच सॉरी. ती काच त्यानेच फोडली. मला शनिवारीच कळलं होतं."

"कोणती काच?"

"म्हणजे तुम्ही नळासाठी फोन केलाय का?"

"कोणता नळ?"

"वाट लागली," हर्षद पुटपुटले, आणि मग माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही तसं त्यांनी काच, नळ आणि खेळाच्या खोलीची हरवलेली किल्ली असं सगळं ओकून टाकलं. "एवढं शांतपणे ऐकून घेतलंत, थँक यू बाई," म्हणून त्यांनी फोन ठेवला. खडूचा विषय निघालाच नाही.

बाईंनी दुसरा फोन सईच्या घरी केला. सईच्या आजीने, कुंदाताईंनी, तो उचलला.

"आजी, सईचं जरा कौतुक करायचं होतं."

"टोमणे नका मारू हो बाई! कळलं मला. अक्षर ओळखलंत ना? तिचा गृहपाठ मीच लिहिते. पोरीला डान्स क्लास असतो, मग काय करणार?"

सुंदर हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस बाईंनी याच वर्षी सईला दिलं होतं.

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हर्षदनी इशारा टाकला: 'शाळेतून फोन सुरू झालेत. बाईंना सगळं माहीत आहे. त्या विचारण्याआधी आपणच सांगून टाका.' मंगळवारपासून पालकच बाईंना फोन करू लागले. कोणाची खोटी सही, कोणाचं ग्रंथालयातलं पुस्तक, कोणाची पोटदुखी. गुरुवारपर्यंत अडतीस गुन्हे जमले. बाई इतक्या खूश होत्या की त्यांनी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. लाल पेनाने सुवाच्य यादी करून त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"अडतीस फोन!" देवधर सर थक्क झाले. "बाकीच्यांचे चारावर गेले नाहीत. पालक आपण होऊन सगळं सांगतात, केवढा विश्वास आहे तुमच्यावर!"

"शिक्षेचं काय सर?"

"उद्या सकाळी ठरवू."

बाई तरंगतच भांडुपला घरी पोचल्या. दारातच त्यांचे यजमान जयवंत उभे होते. पेन्शनीत निघाल्यापासून लँडलाइन फोन हेच त्यांचं खातं होतं.

"अगो, घाबरू नको," जयवंत म्हणाले. "तुझ्या देवधर सरांचो फोन इल्लो. मी सगळा निस्तरलंय."

"काय निस्तरलंत?"

"शाळेतून घरी फोन म्हणजे तुझ्या त्या आजारपणाच्या रजेचाच लफडा असतला. सांगून टाकलंय, टायफॉईड-बियफॉईड काय नव्हतो, भाचीचा लगीन होता कुडाळाक. सर्टिफिकेट दिणारो डॉक्टर माझोच चुलतभाव, ता पण सांगितलंय. म्हटलंय, एकदा माफ करा तिका."

"पण सरांनी फोन कशाला केला होता?"

"ता कोण विचारता? मी त्यांका बोलूकच दिलंय नाय."

बाई तिथेच चपलांच्या स्टँडवर बसल्या. नऊ वर्षांचं वाट पाहणं नवऱ्याने दोन मिनिटांत धुऊन टाकलं होतं.

शुक्रवारी त्या यादी घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेल्या. देवधर सर नेहमीसारखेच हसतमुख.

"काल घरी फोन केला होता, बाई. पर्यवेक्षिका म्हणून तुमचं नाव ठरवलंय, एवढंच सांगायचं होतं. पण तुमचे मिस्टर... मोकळ्या मनाचे आहेत."

"हो सर," बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"बरं, ती यादी आणलीत? या मुलांना काय शिक्षा द्यायची म्हणता?"

बाईंनी यादी पुढे केली नाही. तिची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"शिक्षा कसली सर? घरच्या माणसाने घाबरून, मायेपोटी काही सांगून टाकलं, तर ते धरून बसू नये. पोरं काही वाईट नाहीत हो."

"पर्यवेक्षिका म्हणून हा तुमचा पहिला निर्णय समजू?"

"समजा सर."

"मग तो मलाही पाळावा लागेल," देवधर सर म्हणाले आणि समोरची बाईंच्या रजेची फाईल त्यांनी मिटून ठेवली.