फोडणी कोणत्या तेलाची?

लग्नाची पत्रिका घेऊन कोणी आलं की लोक विचारतात, मुलगी कुठली, मुलगा काय करतो. आमचे शेजारी नाना विचारतात, ‘‘फोडणी कोणत्या तेलाची?’’

नाना सावद्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अक्कांना, शेंगदाण्याची ॲलर्जी. आता आमच्याकडे भाजीत कूट, चटणीत कूट आणि वांग्याच्या भरतात तर अख्खे दाणे. त्यातला एक पोटात गेला तरी अक्कांचा गळा सुजून श्वास अडकणार. म्हणून प्रत्येक पंगतीत नाना आधी कढईत नाक घालत, आणि मगच अक्का पानावर बसत. आचारी त्यांना लांबून बघूनच झाकण ठेवायचे.

एकदा केळीच्या बागेत भरीत पार्टी होती. आचारी म्हणाला, ‘‘देवाशप्पथ नाना, एक बी दाना नाही टाकला.’’ ते खरंच होतं. पण वांगी ठेचली होती त्याच लाकडी बडगीत, जिच्यात सकाळी दाण्याची चटणी कुटली होती. दुसऱ्या घासाला अक्कांचे ओठ सुजले. नानांनी चष्म्याच्या डबीतून इंजेक्शन काढून मांडीत टोचलं (चष्मा बिचारा कायम खिशात उघडा) आणि आम्ही गाडी काढली. दवाखाना येईपर्यंत नाना अक्कांचा हात धरून आम्हाला शिकवत होते, ‘‘अशा रिॲक्शनचे प्रकार चार. हा टाइप वन. मिनिटांत येतो. शरीर दाण्याला दरोडेखोर समजतं, भाऊ!’’ आवाज कापत होता, पण तास चालूच. अक्का वाचल्या.

तेव्हापासून नानांनी सगळ्या गल्लीचे चार प्रकार पाडले. माझी बायको टाइप वन, शब्द पडायच्या आत भडका. समोरचे दोघे भाऊ टाइप टू. ‘‘यात शरीर आपल्याच पेशींवर खूण करतं अन् त्यांच्यावरच तुटून पडतं. यांना बाहेरचा शत्रू लागतच नाही.’’ कोपऱ्यावरच्या दोघी जावा टाइप थ्री. ‘‘त्या एकमेकींना चिकटून भांडत भांडत तिसऱ्याच्याच ओट्यावर जाऊन बसतात, अन् मोडतोड होते त्या ओट्याची. रक्तातही असे गठ्ठे सांध्यात नाहीतर मूत्रपिंडात जाऊन बसतात.’’

‘‘आणि मी, नाना?’’

‘‘तू टाइप फोर. यात पेशी सोता पायी चालत येतात, म्हनून उशीर. टीबीच्या तपासणीची सुई आज टोचली तर हात सुजतो परवा. तुले जोक बी परवाच कळतो.’’

गल्ली हसली. मी परवा हसलो.

गेल्या श्रावणात अक्का झोपेतच गेल्या. हृदय थांबलं, दाण्याचा काही संबंध नव्हता. नाना रडले नाहीत. आलेल्यांना खुर्च्या देत, चहाचं बघत फिरत राहिले. बायका कुजबुजल्या, ‘‘मानूस दगडाचा हाये.’’ मलाही तसंच वाटलं होतं.

यंदा थंडीत पुन्हा भरीत पार्टी ठरली. सवयीने आम्ही बिनदाण्याचंच केलं. नानांनी कढईत नाक घातलं आणि मान वर केली.

‘‘दाने काहून नाही टाकले?’’

‘‘तुम्हाला चालत नाहीत ना!’’

‘‘मले? मले कुठे ॲलर्जी हाये? मले तर दाने लय आवडतात. लग्नापासून खाल्ले नाहीत, येवढंच. माझ्या हाताले लागले अन् तिच्या तोंडात गेले तं?’’

मी पळत जाऊन तळलेले दाणे आणले. नानांनी केळीच्या पानावरचा एक दाणा उचलून तोंडात टाकला. सावकाश चावला. आणि त्यांचं नाक लाल झालं, डोळे घळाघळा वाहू लागले.

‘‘अरे, इंजेक्शन!’’ आचारी ओरडला. चष्म्याची डबी अजून नानांच्या खिशातच होती.

‘‘राहू दे,’’ नाना म्हणाले. ‘‘हा टाइप फोर हाये. पायी येतो.’’

मग ते उठले. बागेतल्या नळावर साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, खळखळून चूळ भरली. घरी आता कुलूप होतं, तरी हात माझ्या नाकापुढे धरून म्हणाले, ‘‘बघ बरं, वास येतो का? घरी जायचं हाये.’’

दाण्यांचा वास येत होता.

‘‘नाही, नाना,’’ मी म्हटलं. ‘‘जा बिनधास्त.’’